साडूंचं बनियन आणि उदगीर जिल्हा

त्या दिवशी कॉलेजात मान्सूनचे वारे शिकवता शिकवता माझाच वारा बंद झाला. फळ्यावर अरबी समुद्र काढून झाला होता, बंगालचा उपसागर काढायला हात वर जाईना. छाती आवळली, कपाळावर घाम आला आणि मी खडूसकट खुर्चीत बसलो. मुलांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तारा लावायच्या म्हणून तिथल्या सिस्टरनं माझ्या शर्टाची बटणं काढली आणि ती थबकली. "सर, हे काय घातलंय तुम्ही?" मी मान खाली घालून पाहिलं. अंगात माझं बनियन नव्हतंच. ते होतं आमच्या साडूंचं. छातीच्या ऑपरेशननंतर जखमेवर दाब राहावा म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या जोडीतलं एक, रबरासारखं ताणणारं, पुढून हुकांची रांग असलेलं. माझं आणि ते दोरीवर शेजारी शेजारी वाळत होतं. सकाळी टँकर आल्याचा ओरडा झाला आणि मी हाताला लागलं ते चढवलं. हुक लावताना मनात आलंसुद्धा, की बायकोनं हे नव्या तऱ्हेचं कुठून आणलं? पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असले प्रश्न माणूस मोठ्यानं विचारत नाही. सिस्टरनं हुक सोडले आणि मान्सूनच्या दोन्ही शाखा एकदम माझ्या छातीत शिरल्या.

मला जे अर्धा दिवस सोसलं नाही ते साडूंनी अख्खा उन्हाळा अंगावर वागवलं, आणि तोही लातूरचा दुष्काळी उन्हाळा. इतका लाजरा, इतका हट्टी आणि इतका शूर माणूस एकाच शर्टात मावलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. उदगीरला त्यांचं आडत दुकान आहे. तूर नुसती मुठीत घेऊन ती कुठल्या शिवारातली हे सांगतील. तरुणपणी क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन हमालाशी गप्पा मारत चालायचे. पण या माणसाला शर्टाशिवाय पाहिलेलं कुणी नव्हतं. मे महिन्यात, उदगीरच्या किल्ल्याचे दगडसुद्धा उसासे टाकत असताना, आमचे साडू आत बनियन, वर शर्ट, त्यावर जाकीट आणि जाकिटावर घडी केलेलं उपरणं अशा चार थरांत बसलेले. वर्तमानपत्र कायम छातीशी धरलेलं. वाचून झालं तरी धरलेलं. कुणी मागितलं तर "वाचून राहिलो" म्हणून सांगत आणि ते उलटं असे. लहानपणी गल्लीतली सगळी पोरं विहिरीत उड्या मारायची तेव्हा हे काठावर बसून सगळ्यांचे कपडे राखायचे. उदगीरच्या त्या पिढीतला एकही माणूस विहिरीवरून उघडा घरी गेला नाही, याचं श्रेय आमच्या साडूंना आहे. फोटोच्या वेळी ते जवळचं कुठलंही मूल उचलून छातीशी धरत. त्यामुळं आमच्या नात्यातलं प्रत्येक लेकरू साडूंच्या कडेवर फोटोत आलेलं आहे, आणि साडूंना लेकरांचा किती लळा, असं सगळी मंडळी कौतुकानं म्हणतात. माझी मुलगी आठवीत गेली तरी एका लग्नात त्यांनी तिला उचललं होतं. ती रडली.

कारण साधं होतं आणि त्यांनी ते मला फार उशिरा सांगितलं. वयात येताना त्यांची छाती बाईसारखी भरली. शाळेत एका पोरानं त्यावरून नाव ठेवलं आणि ते नाव मॅट्रिकपर्यंत पुरलं. पुढं अंग सुटलं तेव्हा सगळंच सुटलेलं असल्यानं छाती त्यात खपून गेली. मग साखर निघाली, डॉक्टरनं भीती घातली, आणि साडू पेटले. रोज पहाटे किल्ल्याला फेऱ्या, जेवणात भाकरी एक, भात बंद, अक्कांच्या हातची पुरणपोळी लांबून नमस्कार करून बंद. दोन वर्षांत त्यांच्यातून एक अख्खा माणूस निघून गेला. छाती मात्र गेली नाही. उलट आता कातडी खाली लोंबायला लागली. "सर," ते मला म्हणाले (सख्खे साडू असून ते मला सरच म्हणतात), "माल उतरला, पोतं तसंच लटकून राहिलंय. आता ते कापून शिवल्याबिगर भागत न्हाई."

आणि एक इच्छा होती. साडू लिंगायत; त्यांच्याकडं इष्टलिंग गळ्यात असतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यानं छातीवर. त्यांचे वडील श्रावणातल्या सोमवारी अंगणात उघड्या अंगानं बसून लिंगपूजा करायचे. डावा तळहात पुढं, त्यावर लिंग, सकाळचं ऊन. साडूंनी वडिलांमागं ती पूजा कधी चुकवली नाही, पण केली ती खोलीचं दार लावून, शर्ट घालून. "एकदा अंगणात बसावं वाटतंय, सर. वडील बसायचे तसं." एवढंच म्हणाले आणि वर्तमानपत्र छातीशी धरलं.

ऑपरेशन नांदेडला करायचं ठरलं, कारण तिथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. नंतर आराम आमच्याकडं लातूरला, कारण उदगीरच्या घरी सगळा बाजार बघायला लोटला असता. अक्कांना खरं काय ते माहीत होतं, पण त्यांनी येऊ नये अशी साडूंची सक्त ताकीद. "तू बघायचं न्हाई." अक्का मुकाट राहिल्या. माझी बायको मात्र राहिली नाही. "डॉक्टरीण बघणार, हे बघणार, आणि माझ्या बहिणीनं बघायचं नाही? ही कुठली रीत?" तिनं मला विचारलं, जणू रीत मी काढली होती.

दवाखान्यात पहिलाच पेच पडला. डॉक्टरीणबाई तरुण, चटपटीत. म्हणाल्या, "गळ्यातलं काढून ठेवा काका, आत काही चालत नाही." साडू म्हणाले, "जीव काढा, हे निघणार न्हाई. जन्मल्यापासून अंगावर हाय." बाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, यांना समजावता का? मला समजावता आलं असतं तर मी आजवर वर्गातल्या चार पोरांना तरी अक्षांश-रेखांश समजावले असते. शेवटी साडूंनी त्यांच्या स्वामींना फोन लावला. स्वामी म्हणाले, शरीरापासून दूर करायचं नाही आणि बेंबीखाली न्यायचं नाही, बाकी कुठंही चालेल. साडूंनी डावा तळहात पुढं केला. "इथं बांधा. नाही तरी पूजेला इथंच असतंय." डॉक्टरीणबाईंनी क्षणभर त्या हाताकडं पाहिलं, मग स्वतः लिंग निर्जंतुक कापडात गुंडाळून तळहातावर पट्टीनं बांधलं. पुढं त्या मला म्हणाल्या, की तास न् तास एक माणूस टेबलावर पडलाय, आम्ही कापतोय, शिवतोय, आणि त्याचा हात पूजेला बसल्यासारखा पसरलेला. टेबलाभोवती त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोललंच नाही.

नांदेडहून लातूरचा प्रवास साडूंनी उशी छातीशी कवटाळून केला. प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटत आणि मी माफी मागत असे. जणू खड्डेही मीच काढले होते. डॉक्टरीणबाईंनी पथ्यं दिली होती: हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, वजन उचलायचं नाही, बनियन रात्रंदिवस घालायचं, अंघोळ नाही, छातीवर काही टेकवायचं नाही. टाका उसवला किंवा आत पाणी साचून कातडी मेली तर पुन्हा कापावं लागेल. साडू मला वाटेत म्हणाले, "पुन्यांदा मी काय कापून घेणार न्हाई सर. हे बिघडलं तर बिघडलं. मग मरेस्तोवर शर्ट."

आता लिंग छातीवर टेकवायचं नाही म्हणजे ते कुठं ठेवायचं? स्वामींनी परत फोनवर तोड सांगितली, की डोक्यावर तर उत्तमच. म्हणून आयुष्यात कधी डोक्याला काही न बांधलेले साडू पांढरा रुमाल बांधायला लागले आणि त्याच्या घडीत लिंग. डोक्यावर देव असल्यानं मान झुकवायची नाही. छातीवर टाके असल्यानं हात हलवायचे नाहीत. असा ताठ, पांढऱ्या रुमालाचा, दोन्ही हात बाजूला सोडलेला माणूस आमच्या घरात चालू लागला, की मी टीव्हीचा आवाज आपोआप कमी करायचो.

अंघोळ बंद याचं काही वाटलं नाही, कारण त्या उन्हाळ्यात लातुरात अंघोळ तशी कुणाचीच नीट होत नव्हती. पाणी रेल्वेनं येत होतं, गल्लीत टँकरची वाट बघत रांगा बसत होत्या. आणि त्याच दिवसांत साडूंच्या दोन्ही बाजूंनी बारीक नळ्या बाहेर काढलेल्या, टोकाला एकेक फुगा, त्यात आतलं पाणी जमायचं. ते फुगे ते शर्टाच्या आत दोन कापडी पिशव्यांत वागवत. "बघा सर, अख्ख्या लातुरात थेंब न्हाई, अन् मला पाझर फुटून राहिलाय." फुगे रिकामे करणं माझ्याकडं होतं. रोज सकाळी ते नांदेडला फोन करून डॉक्टरीणबाईंना अहवाल दिल्यासारखं सांगत, "उजवं बोअर आटलं बाई. डावं चालूच हाय." बाईंनाही ती भाषा लागली. "डावं आटल्याशिवाय नळी काढायची नाही हं काका." डाव्या बाजूला एकदा सूज चढली तेव्हा मात्र साडू दोन दिवस जेवले नाहीत. सुईनं पाणी काढून आणलं तेव्हा परतीच्या वाटेवर त्यांनी मला पाऊस कधी पडेल असं विचारलं. मी भूगोलाचा मास्तर. मी म्हटलं, सांगता येत नाही. ते म्हणाले, "तुमाला बी न्हाई, त्या बाईला बी न्हाई."

जखमेपेक्षा त्यांना दुसऱ्याच गोष्टीचा त्रास झाला. टँकर आला की सगळी गल्ली हंडे घेऊन धावायची. माझी बायको दोन हंडे घेऊन जिना चढायची, मी एक बादली आणि पुष्कळ धाप घेऊन मागून यायचो. क्विंटल उचलणारे साडू खाली उभे. एकदा तिचा पाय अडखळला तसे ते हंडा धरायला झेपावले. ती वरून ओरडली, "दाजी! हात खाली!" साडूंनी हात खाली घेतले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. पलीकडच्या गॅलरीतल्या काकू म्हणाल्या, "पाहुणे तुमचे नुसते देवासारखे उभे राहतात हो. हलवावं लागतंय वाटतं." साडूंनी ऐकलं. एक शब्द बोलून ते सुटले असते. पण तो शब्दच तर त्यांनी उभ्या जन्मात उच्चारला नव्हता.

हळूहळू बोअरं आटली. छाती मात्र बधिर. "हात लावला तर शेजाऱ्याला लावल्यासारखं वाटतंय," ते म्हणायचे. एके दुपारी बनियन बदलायला गेलेल्या साडूंची आतल्या खोलीतून जोरात हाक आली. "सर! सर! चावला!" मी धावलो. साडूंचा चेहरा फुलला होता. पिंपातल्या पाण्यावर वाढलेला एक डास त्यांच्या छातीवर, उजव्या बाजूला बसला होता आणि त्यांना तो चावलेला कळला होता. मी मारायला हात उगारला तर म्हणाले, "थांबा. पिऊ द्या त्याला."

इकडं उदगीरच्या आडत बाजारात भलतंच शिजत होतं. उदगीर जिल्हा व्हावा ही तिथली जुनी मागणी. त्यापायी कुणी चप्पल सोडलेली, कुणी दाढी वाढवलेली, कुणी चहा सोडलेला. जिल्हा होईपर्यंत अमुक करणार नाही, असा एखादा नेम केलेला माणूस तिथं प्रत्येक गल्लीत असतो. त्या उन्हाळ्यात नवा जिल्हा होणार, होणार अशी आवई पुन्हा उठली होती. अशात बाजारातला कुणी कामाला लातूरला आला आणि त्यानं टँकरच्या रांगेजवळ साडूंना पाहिलं. दुकान सोडून आलेले. अंग उतरलेलं. डोक्याला पांढरा रुमाल. लोक हंडे उचलतायत आणि हे ताठ उभे, हात लावत नाहीत, बोलत नाहीत. त्याला दुसरा अर्थ सुचणारच कसा? दोन दिवसांत सगळ्या उदगीरला कळलं, की जिल्हा होईपर्यंत ओझ्याला हात लावायचा नाही असा शेठनं नेम केलाय आणि लातूरला बसून ते वरच्या लोकांशी बोलणी करतायत.

अक्कांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा साडू आधी हसले. मग म्हणाले, "बरं झालं. झाकलं गेलं." पण झाकलं गेलेलं फार दिवस राहिलं नाही. एका सकाळी आमच्या दारात जीप उभी राहिली. त्यातून चौघं उतरले. पुढं पेंडेचे व्यापारी अप्पा, पांढऱ्या कपड्यातले, भलेथोरले गृहस्थ. शाल, नारळ, झेंडूचा जाड हार. "शेठ! काय माणूस हाय राव! आमाला पत्ता बी लागू दिला न्हाई!" म्हणत अप्पा दोन्ही हात पसरून मिठी मारायला निघाले. मी मध्ये शिरलो आणि ती मिठी मला बसली. वर्गात मी दोन भूखंड एकमेकांवर आदळतात असं शिकवतो, ते मला त्या दिवशी नीट समजलं.

चहा झाला. अप्पा मुद्द्यावर आले. "येत्या सोमवारी तहसीलवर अर्धनग्न आंदोलन हाय. दोनशे माणूस शर्ट काढून बसणार. सगळ्यात पुढं तुमी. पेपरवाले येणार."

माझी बायको दाराशी कपबशा घेऊन उभी राहिली होती, तशीच राहिली. मी साडूंकडं पाहिलं नाही. माझ्या डोक्यात खोटी कारणं भराभर जमत होती: ताप, कावीळ, मणका, सुतक. मी तोंड उघडलंच होतं.

"सर, थांबा," साडू म्हणाले. आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

सगळी बटणं त्यांनी हळू काढली. मग आतल्या बनियनचे हुक. एकेक. मग ते दोन्ही बाजूंना सारलं आणि माझ्या बैठकीच्या खोलीत, खिडकीतून येणाऱ्या उन्हात, ते उघड्या छातीनं उभे राहिले. सपाट छाती. तिच्यावर एका काखेपासून दुसरीपर्यंत गेलेली तांबूस, जाड, ताजी रेघ. रोज मलमपट्टी करणारा मी, पण मीसुद्धा ती पहिल्यांदाच पाहत होतो असं मला वाटलं.

"जिल्ह्यासाठी काय केलं न्हाई मी," ते म्हणाले. "ह्याच्यासाठी आलतो. बायकांवानी छाती होती माजी. ल्हानपणापासनं. अप्पा, तुमाला ठाव हाय, नाव तुमीच ठेवलतं शाळेत. ती कापून घेतली. म्हणून वजन उचलत न्हाई. बस. एवढंच हाय."

अप्पांचा हात नारळावरच राहिला. कुणी हसेल, असं वाटून मी बाकीच्या तिघांकडं पाहिलं. कुणी हसलं नाही. एकानं टोपी काढली, का ते त्यालाही माहीत नसावं. मग अप्पा खाकरले. "लई दुखलं का हो?"

"कापताना न्हाई," साडू म्हणाले.

मंडळी उठली. हार टेबलावरच राहिला. जीप सुरू झाली, थोडी पुढं गेली आणि थांबली. अप्पा एकटेच परत आले. दारातच उभं राहून, आपल्या शर्टाची पुढची घडी दोन्ही हातांनी नीट करत, माझ्याकडं न बघता त्यांनी हळूच विचारलं, "सर, त्या नांदेडच्या बाईचा पत्ता देता का?"

आंदोलन पुढं ढकललं गेलं आणि ते झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी साडूंना मोकळं केलं होतं. ते गेले, शर्ट काढला आणि दिवसभर पुढच्या रांगेत बसले. जिल्हा काही झाला नाही. खुणेला ऊन लागू द्यायचं नाही असं बजावलं असताना दिवसभर उन्हात बसल्याबद्दल बाईंनी त्यांना फोनवर खूप झापलं. साडू "हाव बाई, हाव बाई" म्हणत राहिले; आवाजावरून तरी ते पस्तावलेले वाटत नव्हते.

श्रावण लागला. पाऊस जेमतेम भुरभुरला होता. सोमवारी दुपारी बायकोला अक्कांचा फोन आला. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मी वाचत बसल्याचं सोंग केलं. मला विचारायचं होतं, की अंगणात पूजेला बसले का, कसे दिसत होते, कुणी आलं होतं का बघायला. फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "काय म्हणतायत अक्का? बसले का?"

"बसले," ती म्हणाली. "ते नाही हो सांगत होती ती." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "खुणांना तेल चोळायला सांगितलंय ना डॉक्टरांनी. दाजी आज आपण होऊन तिच्यापुढं येऊन बसले, म्हणे. लग्नाला एवढी वर्षं झाली... तिला ठाऊकच नव्हतं हो, त्यांच्या खांद्यावर तीळ आहे ते."